तिसऱ्या गेटजवळचा रॉक शो आणि आत्याचा वन्स मोअर

पाचपैकी साडेतीन तारे. हे माझे. पुतणीनं दोन दिलेत, आत्तेभावानं पाच. आत्याला तारे म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर म्हणाली, "सगळे देऊन टाक की. तुझ्या काय खिशातनं जातात?" एकाच गाडीतून गेलेली, एकाच दारातून आत शिरलेली चार माणसं. तीन आठवडे झाले तरी आमच्यात वाद मिटेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

कार्यक्रम इंडी रॉकचा होता. एका शनिवारी संध्याकाळी, बेळगावच्या टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटापासून चालत जाता येईल अशा एका मंगल कार्यालयात. चार पोरांचा बँड, तिघं पुण्यात राहणारी आणि ड्रमवाला धारवाडचा. इंडी म्हणजे काय, असं आत्यानं गाडीत विचारलं होतं. म्हटलं, पाठीशी मोठी कंपनी नाही, गाणी स्वतःची, रेकॉर्डिंगचा खर्च स्वतःचा, आणि सामानाची गाडीही स्वतःच चालवायची. "म्हणजे आमच्या भजनी मंडळासारखं," आत्या म्हणाली. मला पुढं काही सांगायची गरज उरली नाही.

बँडचं नाव लिहीत नाही. पोरांचा पहिलाच दौरा आहे, आणि एका संध्याकाळच्या साउंडवरून त्यांच्या नावाला कायमचं काही चिकटलेलं मला नको. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्या मालकाकडून मला लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं येतात.

मला हा कार्यक्रम कळला तोही दुकानामुळेच. माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पत्रिकांचं दुकान आहे. एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला, ए-थ्री रंगीत पंचवीस पोस्टर काढून द्या म्हणाला. पोस्टर सगळं इंग्रजीत. बेळगावात पाटीवर कुठली भाषा, कुठली वर आणि कुठली मोठी, यात माणसांची हयात गेली आहे. या पोरानं तो प्रश्न असा सोडवला होता. तिकीट ऑनलाइन तीनशे नव्याण्णव, दारात पाचशे. संध्याकाळी पुतणीला पोस्टरचा फोटो दाखवला तर ती किंचाळलीच. तिला त्यांची सगळी गाणी पाठ. आत्तेभावाला फोन केला, तो "बेळगावात? खरंच?" असं तीनदा म्हणाला.

त्याचं आश्चर्य खोटं नाही. हे गाव गाण्याचं आहे, पण या गाण्याचं नाही. कुमार गंधर्व 1924 साली जन्मले ते इथल्या सुळेभावीला. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, तेही याच जिल्ह्यातलं. शास्त्रीय मैफल, नाट्यगीतं, अभंगवाणी, यांना इथं हॉल मिळतो आणि श्रोताही मिळतो. रॉक ऐकायचं तर पुण्याला सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, बंगळूरला पाचशे, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोवा. आत्तेभाऊ उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे. दुसरी पाळी टाळून तो पुण्याच्या एनएच सेव्हन वीकेंडरला गेला होता, ते फेस्टिव्हल 2010 साली सुरू झालं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. अजून त्याच्या बोलण्यात दर पंधरा मिनिटांनी ते येतं. थर्मल अँड अ क्वार्टर हा बंगळूरचा बँड 1996 पासून वाजवतोय, स्वरात्मा हा बँड तिथलाच, गायक रघू दीक्षितही तिथलाच. म्हणजे आम्ही राहतो त्याच राज्यात हे सगळं घडतं आणि आम्हाला ते मोबाईलवर ऐकावं लागतं, ही त्याची जुनी तक्रार.

आत्या आमच्याबरोबर का आली, तर तिला रात्री वडगावात घरी सोडायचं होतं आणि पुन्हा टिळकवाडीतून उलटं कोण जाणार. वय अडुसष्ट. तिच्या तिकिटावर ज्येष्ठ नागरिक सवलत आहे का, असं तिनं दारातल्या पोराला विचारलं. तो गोंधळला, मग म्हणाला, "आजी, तुम्ही अशाच जावा आत." एक तारा तिथं मिळाला असं धरा.

आता आवाजाबद्दल, कारण माझ्या कापलेल्या दीड ताऱ्यांपैकी एक गेला तो त्यातच.

आवाजातलं मला थोडं कळतं. शिकून नव्हे, उचलून. गल्लीच्या मंडळात पंधरा वर्षं गणपतीला डॉल्बीची खोकी चढवली आणि उतरवली आहेत. आमच्याकडे मोठी साउंड सिस्टीम कुठल्याही कंपनीची असो, तिला डॉल्बीच म्हणतात. खरी डॉल्बी कंपनी 1965 साली निघाली आणि तिनं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या युक्तीवर. आम्ही तेच नाव कपिलेश्वर तलावापर्यंत खिडक्यांची तावदानं हलवत नेणाऱ्या ट्रॉलीला दिलं.

तर हॉल. लांबी अंदाजे ऐंशी फूट, म्हणजे चोवीस-पंचवीस मीटर. खाली चकचकीत ग्रॅनाइट, भिंतींना ऑइल पेंट, वर पत्र्याखाली पीओपी. जेवणावळीनंतर धुवायला सोपा, गाण्याला वैरी. नवरा-नवरी बसतात त्याच स्टेजवर ड्रम मांडलेले. मागं फुलांच्या सजावटीचे खिळे तसेच. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. स्टेजवरून निघालेला ठोका मागच्या भिंतीवर आपटून पुढच्या रांगेत परत येईपर्यंत अठ्ठेचाळीस मीटर होतात, म्हणजे सेकंदाचा सातवा भाग. पन्नास मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की आपला कान त्याला दुसरा आवाज म्हणून मोजायला लागतो. इथं एकशे चाळीस. पहिली तीन गाणी ड्रमवाला प्रत्येक ठोक्यामागं एक चोरटा ठोका ठेवतोय असं वाटत होतं. पुढं उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांना वाटलं, काय भारी वाजवतोय. तो बिचारा एकदाच मारत होता.

लग्नात हे एवढं जाणवत नाही, कारण सहाशे माणसं भरलेली असतात. माणूस, त्याचे कपडे, बायकांच्या साड्या, सगळं आवाज पितं. त्या शनिवारी सहाशेच्या हॉलात जेमतेम दोनशे माणसं होती आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या. प्लास्टिक काही पीत नाही.

त्यात मिक्सरचं टेबल ठेवलं होतं बाजूला, गॅलरीच्या खाली, भिंतीला चिकटून. मध्ये ठेवलं तर खुर्च्यांच्या रांगा मोडतात म्हणून. साउंडवाल्या पोराला गॅलरीखाली जे ऐकू येत होतं ते हॉलात कुणालाच ऐकू येत नव्हतं. त्याच्या कानाला बेस भरपूर, म्हणून तो बेस कमी करत होता. आमच्या कानाला गिटार म्हणजे पत्र्यावर खडे. गाणाऱ्याचे शब्द तर गायबच. याचं खरं कारण स्टेजवर होतं. गिटारवाल्यानं आपला अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, थेट लोकांकडं तोंड करून ठेवला होता आणि जोरात. त्याच्या वर गळा आणायचा तर माइक वाढवायचा, माइक वाढवला की स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून शिट्टी. दोनदा वाजली. पुतणीनं दोन्ही वेळा माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच वाजवली.

चौथ्या गाण्यानंतर त्या साउंडवाल्या पोरानं शहाणपणा केला. हल्लीचे मिक्सर टॅबवरून चालतात. तो टॅब घेऊन हॉलच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला. पळत स्टेजवर गेला, गिटारचा अँप आडवा वळवला, आवाज उतरवला. मी या संधीचा फायदा घेऊन त्याला सांगितलं, मागच्या भिंतीला डेकोरेशनवाल्यांचे मखमली पडदे गुंडाळून बांधलेले आहेत, ते सोड. मॅनेजर कुरकुरला, मग दोघांनी शिडी लावून सोडले. त्यानंतर गाणं ऐकू यायला लागलं. हे माझ्यामुळं झालं असं मी कुठंही म्हणणार नाही. पण पडदे सोडले होते.

आत्तेभावाच्या मते यातल्या कशानंही फरक पडत नव्हता. त्याचं म्हणणं सरळ आहे: आवाज छातीत लागला पाहिजे, शब्द घरी ऐकायला असतातच. तो सबच्या, म्हणजे बेसच्या खोक्याच्या, समोर चार फुटांवर उभा होता आणि सुखात होता. पुतणीच्या कानात सिलिकॉनचे बोळे होते, त्यावरून त्यानं तिची टिंगल केली. "गाणं ऐकायला आलीस आणि कान बंद करून बसलीस?" तिनं त्याला त्याच्याच माणसांचं उदाहरण दिलं. माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा त्याचा आवडता बँड. 2008 साली ते कित्येक वर्षांनी परत एकत्र आले, तेव्हा दारातच लोकांना कानात घालायचे बोळे वाटत होते, कारण शेवटच्या गाण्यात कित्येक मिनिटं नुसती गर्जना. "म्हणजे तुमचा देवच बोळे वाटतोय, काका," ती म्हणाली. तो म्हणाला, वाटत असेल, घालायलाच पाहिजे असं कुठं आहे.

माझ्या फोनवरच्या ॲपचा काटा अठ्ठ्याण्णव ते एकशे एक डेसिबलमध्ये होता. ॲप काही कोर्टात चालणार नाही, पण अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 साली गाण्याच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीला शंभर डेसिबल. म्हणजे आम्ही कुंपणावर होतो. मी आत्याला म्हटलं, मागं बसूया. ती म्हणाली, "चाळीस वर्षं मागाच्या खोलीत काढलीत. हा काय आवाज?" वडगावात त्यांच्या घरात चार पॉवरलूम होते. मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, मागारी दोन विकले, दोन अजून आहेत. पॉवरलूमच्या खोलीत वाढलेल्या माणसाला आवाजाचा मोठेपणा कळत नाही, चूक मात्र कळते. सहाव्या गाण्यात ती एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "धोटा अडकला." मागावर सूत इकडून तिकडं नेणारा तो धोटा इथं कुठला, मला कळेना. मग लक्षात आलं, ड्रमवाल्याचा एक ठोका खरंच हुकला होता. बेसवाला त्याच्याकडं बघून हसत होता. दोनशे माणसांत ते दोघांना कळलं, एक बेसवाला आणि दुसरी आमची आत्या.

गाण्यांबद्दल थोडक्यात. बहुतेक हिंदी, दोन इंग्रजी, एक मराठी, आणि ड्रमवाल्याच्या हट्टानं शिशुनाळ शरीफ या संतकवींचं एक कन्नड तत्त्वपद. गाणाऱ्यानं सुरुवातीला "नमस्कार बेळगाव" म्हटलं, टाळ्या पडल्या. लगेच ड्रमवाला मागून कन्नडमध्ये "नमस्कारा, हेगिद्दीरा", म्हणजे कसे आहात, म्हणाला, टाळ्या पडल्या. कुणाच्या जास्त हे मी मोजलं नाही, मोजणारे हॉलात होतेच. हिंदी गाणी मला एकाच साच्यातली वाटली: हळू सुरुवात, मग गिटारचा लोट, मग पुन्हा हळू. पुतणी म्हणते मी पुरेसं ऐकलेलं नाही. असेल. तत्त्वपदात मात्र बेस आणि ड्रम असे एकमेकांत बसले होते, की मला तेवढ्यासाठी तीनशे नव्याण्णव वसूल झाले.

मध्ये एक प्रकार घडला. पुढं चार-पाच पोरं एकमेकांना धडका देत नाचत होती, आणि त्या धडका शेजारच्या मुलींच्या घोळक्यावर जात होत्या. एकदा नाही, तीन-चारदा. गाणाऱ्यानं गाणं अर्ध्यात थांबवलं. हात वर केला, बँड गप्प, आणि तो माइकवर न ओरडता म्हणाला, "भावांनो, तुम्ही मागं जावा, तिथं जागा आहे. तुम्ही गेलात की वाजवतो." पोरं थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. माझ्या तरुणपणी कॅसेटवर ऐकलेला वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड यासाठीच प्रसिद्ध होता: तिकीट पाच डॉलरच्या आसपास, लहानथोर सगळ्यांना आत प्रवेश, आणि पुढं कुणी दांडगाई केली की गाणं थांबवून समज देणार. मला ते आठवलं. आत्तेभाऊ म्हणतो, लय तोडली, मूड गेला, हे काम दारावरच्या बाउन्सरचं. पुतणी म्हणते, संपूर्ण संध्याकाळीतली सर्वांत चांगली गोष्ट तीच, कारण त्यानंतर ती आणि तिच्या मैत्रिणी पहिल्यांदा पुढच्या रांगेत हात मोकळे सोडून उभ्या राहिल्या. तिचे दोन तारे तेवढ्याचे आहेत. यात मी तिच्या बाजूचा आहे आणि आत्तेभावाला ते सांगितलंय. तो म्हणाला, "तू काय बोलायलास, तू मागं खुर्चीत होतास."

आता मूळ भांडण.

साडेनऊला मराठी गाणं आलं. शेवटची बस चुकलेल्या माणसाचं गाणं आहे, स्टँडवर रात्र काढतो, एवढंच. आमच्याकडं खानापूरच्या नाहीतर चंदगडच्या बाजूची शेवटची गाडी चुकलेला माणूस प्रत्येक घरात असतो, त्यामुळं पहिल्या ओळीलाच शिट्ट्या. सगळ्यांचे फोन वर. गिटारवाल्यानं मध्ये लांबलचक सोलो घेतला, माना डोलल्या, आणि शेवटच्या ओढीला त्याची तार तुटली. लोकांना तेही आवडलं. टाळ्या. गिटारवाला तार बदलायला खाली बसला, गाणारा पाणी प्यायला, आणि त्या शांततेत आमच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

मी आत्याकडं पाहिलं. ती सरळ समोर बघत होती.

गाणाऱ्याला वाटलं, म्हातारी कार्यक्रम संपला असं समजतेय. तो हसून म्हणाला, "आजी, अजून दोन गाणी बाकी आहेत." रॉकवाल्यांचा तो एन्कोर असतो तसं त्यानं धरलं. बँड आत जातो, लोक ओरडतात, बँड बाहेर येतो, आणि कागदावर आधीच लिहिलेली दोन गाणी वाजवतो. त्यात नवल कुणालाच नसतं. वन्स मोअर ही वेगळी जात. 1880 साली किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं आणि संगीत नाटकाचा काळ सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडं प्रेक्षकाला एक हक्क आहे: आत्ता म्हटलेलं पद आत्ताच्या आत्ता परत. नाटक तिथंच थांबतं. बालगंधर्वांच्या काळात या वन्स मोअरपायी नाटकं पहाटेपर्यंत चालायची. नवं गाणं मागायचं नसतं, तेच मागायचं असतं. तेच दुसऱ्यांदा कसं येतं हे बघायचं असतं.

हे सगळं आत्यानं एका वाक्यात सांगितलं. "नवं नको, हेच म्हण की रे परत!"

हसू पिकलं. मागून दोन-चार वयस्क आवाज आले, मग पोरांनाही गंमत वाटली आणि सगळा हॉल वन्स मोअर ओरडायला लागला. गाणाऱ्यानं ड्रमवाल्याकडं पाहिलं. ड्रमवाल्यानं खांदे उडवले, काठ्या ठेवून हळू वाजणारे ब्रश उचलले. गिटारवाला अजून तार ओवत होता, म्हणून दुसऱ्यांदा गाणं झालं ते नुसतं बेस, ब्रश आणि गळा एवढ्यावर. सोलोची जागा आली तेव्हा कुणीच काही वाजवलं नाही. आठ मात्रा रिकाम्या गेल्या. मग गिटारवाल्यानं खाली बसल्या बसल्या, माइक नसताना, शेवटची ओळ खालच्या सुरात धरली. माझ्या ॲपवर पहिल्या वेळी शंभर होते, दुसऱ्या वेळी ब्याऐंशी.

ते संपलं तेव्हा दहाला पाच कमी. आवाजाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि हे कार्यालयवालेही तोच काटा धरतात. मुभेचे दिवस वर्षातून फार तर पंधरा, ते सणासुदीचे. मॅनेजर बोर्डाजवळ हात वर करून उभाच होता. एक इंग्रजी गाणं कसंबसं झालं आणि दिवे लागले. जे शेवटचं गाणं राहिलं ते पुतणीचं होतं. म्हणजे बँडनं आठ दिवस आधी इन्स्टाग्रामवर विचारलं होतं, बेळगावात शेवटी कुठलं वाजवू, आणि तिनं आणि तिच्या अख्ख्या हॉस्टेलनं मत देऊन ते जिंकून आणलं होतं. ती आली होती त्या गाण्यासाठी.

बाहेर ऑम्लेट-पावच्या गाडीवर ती एक शब्द बोलली नाही. आत्तेभाऊ बोलत होता. त्याचं मत असं, की आयुष्यात ऐकलेली ती साडेतीन मिनिटं सगळ्यांत भारी, पुण्यातल्यापेक्षाही. हा तोच माणूस, जो दोन तासांपूर्वी छातीत लागलं पाहिजे म्हणत होता. त्याला ते दाखवून दिलं, तर म्हणाला, लागलं की. मग त्यानं इंडियन ओशन या बँडचं काढलं: त्यांचा 1997चा अल्बम दिल्लीतल्या एका जाहीर कार्यक्रमात लाइव्ह वाजवला तोच रेकॉर्ड करून काढलाय, म्हणजे एकदाच घडतं तेच खरं. पुतणी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मग ज्यांनी पैसे भरून, आधी मत देऊन एक गाणं मागितलंय त्यांचं काय? एकाच गाण्याला दोन वेळा आणि एकाला शून्य? आणि पहिल्यांदा चांगलं झालं होतं, सोलोसकट. दुसऱ्यांदा तर अर्धा बँडच नव्हता." आत्तेभाऊ म्हणाला, अर्धा बँड नव्हता म्हणूनच. ती म्हणाली, हे असलं बोलायला सोपं असतं.

माझी अडचण अशी, की मला दोघांचंही पटतं आणि तारे द्यायचे तर एकच आकडा लिहावा लागतो. कागदावर ठरलेला क्रम मोडायची हिंमत त्या पोरांनी दाखवली, ती मला आवडली. दुसऱ्यांदा गाताना त्या गाण्याचे शब्द मला पहिल्यांदा कळले, हेही खरं, आणि त्यात अर्धं श्रेय पडद्यांचं. पण घड्याळाकडं बघायचं काम कुणाचं तरी असतं. साडेसातचा कार्यक्रम आठ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. ती चाळीस मिनिटं असती तर आत्याचा वन्स मोअरही झाला असता आणि पुतणीचं गाणंही. म्हणून अर्धा तारा उशिराबद्दल कापला, एक साउंडबद्दल.

बाकीचं पटकन. पार्किंग भरपूर. संडास स्वच्छ, मंगल कार्यालयाचा तेवढा एक फायदा. पाण्याची बाटली वीसची तीसला. टी-शर्ट पाचशेला, फक्त मोठ्या मापाचे शिल्लक. पुतणीनं तरी घेतला आणि आता घरात गाऊनसारखा घालते. वयस्क माणसाला नेणार असाल तर खुर्ची मागच्या बाजूला, पडद्याजवळची धरा.

मागच्या रविवारी आत्याकडं जेवायला गेलो होतो. पुतणीनं शेवटी तिला सांगून टाकलं, की आजी, तुझ्यामुळं माझं गाणं गेलं. आत्या भाकरी थापत होती. म्हणाली, "मग तू का नाही ओरडलीस?" पुतणी म्हणाली, मी आधीच मत दिलं होतं. "मत दिलं होतं, ते ठीक. ओरडली का नाहीस?" यावर पुतणीकडं उत्तर नव्हतं, किंवा असेल तर आजीला देण्यासारखं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आत्तेभावानं ते गाणं लावायला सांगितलं. तेव्हा लक्षात आलं, ते कुणाकडंच नाही. पहिल्या वेळी सगळ्यांनी फोनवर घेतलं होतं, त्यामुळं दुसऱ्या वेळी कुणी फोन काढलाच नाही. पुतणीनं मैत्रिणींना विचारलं, बँडच्या पानावर शोधलं. सगळीकडं पहिलंच, सोलोवालं. तिनं तेच लावलं आणि फोन आत्यासमोर धरला, बघ, हेच चांगलं होतं की नाही सांग.

आत्यानं चष्मा लावून पूर्ण बघितलं. तार तुटेपर्यंत बघितलं, टाळ्याही ऐकल्या. मग फोन परत दिला.

"हे नव्हे ते," म्हणाली.